ध्रुवच्या गिटारची भेग

चिंचपोकळी,
५ ऑगस्ट २०२४

वीरेंद्र सर,

तुमची-माझी ओळख नाही. मी ध्रुव केळुसकरचा बाप. तुमच्या प्रभादेवीच्या क्लासात मंगळवार-शुक्रवार गिटार शिकायला यायचा तो. उंच, चष्मेवाला, खाली बसला की गुडघ्यांचं काय करू असं व्हायचं त्याला. गेल्या डिसेंबरच्या बारा तारखेला तुमच्याकडूनच परत येताना पुलावर टेम्पोने उडवलं. तुम्हाला ठाऊक असेलच.

फोन न करता लिहितोय, कारण मला ऐकू येत नाही. गिरणीत सव्वीस वर्षं कारकून होतो, तोही साचेखात्यात. साचा म्हणजे माग, तुमच्या वयाच्या माणसांना सांगावं लागतं. दोनशे साचे एकदम धडधडायचे आणि मी वही घेऊन त्यांच्यामधून फिरायचो. कानांचं वाटोळं तिथेच झालं. आता यंत्र लावलं तर माणसाचं बोलणं पत्र्यावर खडे ओतल्यासारखं येतं. लोक भेटायला येतात ते कानाशी ओरडतात. त्यांचं सांत्वन अख्ख्या चाळीला ऐकू जातं, मला सोडून. तेव्हा तुम्ही येऊ नका, लिहा. मोबाइल माझ्याकडे आहे तो डबा आहे, त्यावर मेसेज-बिसेज होत नाही.

कामाचं सांगतो. एकवीस नोव्हेंबरला मला सत्तर पुरी होतात. ध्रुव म्हणाला होता, "अप्पा, सत्तरीची शांत करायची. भटजी त्यांचं म्हणतील आणि मी तुम्हाला गिटारवर एक वाजवून दाखवीन." शांत आता कसली डोंबलाची करताय! पण तो जे वाजवणार होता ते त्या दिवशी मला वाजवायचंय. हसायचं असेल तर हसून घ्या आणि मग पुढे वाचा.

पोलिसांनी गिटार परत दिली. तिला खरचटलंसुद्धा नाही. माझा एकुलता एक मुलगा गेला आणि ही बया जशीच्या तशी. सहा महिने मी तिच्याकडे पाठ करून झोपलो. आत्ता बॅग उघडली तर आत एक कागद निघाला. त्याच्याच अक्षरात चार ओळी: ई मायनर – जास्त. जी – जास्त. सी – बरं. डी – कमी. गाण्याचे शब्द नाहीत, नाव नाही. हे मार्क आहेत का? आणि गाणं कोणतं?

आणखी एक. जायच्या आधीच्या रविवारी त्याने माझा हात धरला आणि गिटारच्या लाकडावर नेऊन ठेवला. माझा चहा उतू चालला होता. मला वाटलं, लाकडाला भेग पडलीय ती दाखवतोय. म्हटलं, "भेग पडली ना? मग त्या दुकानदाराच्या टाळक्यात घाल नेऊन, मला काय दाखवतोस?" आणि हात काढून घेतला. त्याने गिटार गुपचूप बॅगेत भरली. आता मी खिडकीशी धरून इंच न् इंच बघितली, भेग काही सापडत नाही. तुम्ही आठवड्यातून दोनदा बघत होतात. कुठे आहे ती? वाजवायच्या आधी बुजवून घेतलेली बरी.

गंगाधर केळुसकर
(सगळे अप्पा म्हणतात, तुम्हीही म्हणा)


प्रभादेवी,
२० ऑगस्ट २०२४

अप्पा,

तुमचं पत्र पंधरा दिवस खिशात घेऊन फिरतोय. हाताने पत्र लिहायची सवय राहिलेली नाही, हे एक कारण. खरं कारण वेगळं आहे. ध्रुव गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे यायला निघालो होतो. चिंचपोकळीच्या पुलापर्यंत आलो आणि तिथूनच मागे फिरलो. त्याची लाज अजून जात नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. भेग आहे. मागच्या बाजूला, आतून, केसाएवढी. बाहेरून दिसणार नाही. वाजवायला तिचा काही त्रास होत नाही, तुम्ही तिचा विचारच सोडून द्या. कागदावरचे मार्क मीच दिलेले, कुठली कॉर्ड किती जमली त्याचे. गाणं कोणतं ते त्याने मला सांगितलं नव्हतं. ह्या चार कॉर्ड्सवर शेकडो गाणी बसतात अप्पा, म्हणून तर नवीन माणसाला आम्ही आधी ह्याच देतो. तुम्हाला मनापासून आवडणारं एखादं घ्या, बहुतेक बसेलच.

हसलो नाही. माझ्याकडे साठीच्या पुढचे तिघं येतात. शिकवतो, पण पत्रातून कधी शिकवलेलं नाही, त्यामुळे सांभाळून घ्या.

आधी सूर लावणं. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात चिमट्यासारखी एक काळी वस्तू असेल, तो ट्यूनर. गिटारच्या डोक्याला लावायचा. एकेक तार छेडायची आणि खुंटी पिळत राहायचं, हिरवा दिवा लागला की थांबायचं. तुम्हाला ऐकायची गरज नाही. तो ट्यूनरही ऐकत नाही, लाकडाच्या थरथरीवरून ओळखतो.

आता ई मायनर. सगळ्यात सोपी, दोन बोटांची. सगळ्यात जाड तार ती सहावी, बारीक ती पहिली. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत. डोक्याकडून पहिली आणि दुसरी पट्टी, त्यांच्या मधल्या घरात पाचव्या तारेवर मधलं बोट, चौथीवर त्याच्या शेजारचं. बाकीच्या मोकळ्या. मग वरून खाली सहाही तारा एकदम. मागे चित्र काढलंय.

बोटं दुखतील. आठवड्याभराने घट्टे पडतात.

वीरेंद्र

ता. क. – क्लास पिठाच्या चक्कीच्या वर आहे. चक्की सुरू झाली की जमीन हादरते, म्हणून अक्षर असं आलंय.


चिंचपोकळी,
१९ सप्टेंबर २०२४

वीरेंद्र सर,

घट्टे कसले, फोड आलेत. पण दिवा हिरवा लागतो. तुमचा तो चिमटा माझ्यापेक्षा शहाणा निघाला. ई मायनर जमते असं शेजारची सुनेत्रा म्हणते. म्हणजे अंगठा वर करून दाखवते. एकदा तिने अंगठा केला तेव्हा मी वाजवायलाच सुरुवात केली नव्हती, त्यामुळे तिच्या अंगठ्यावर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

परवा विसर्जन झालं. लालबागचे ढोल खिडकीखालून गेले. तेवढंच काय ते मला आता ऐकू येतं, तेही छातीत. ध्रुव लहान असताना त्याला खांद्यावर बसवून न्यायचो. यंदा खिडकी लावून घेतली.

तुम्ही मला एवढं शिकवताय, तेव्हा तुमच्यापासून लपवून ठेवणं बरं दिसत नाही. गिटार घरात आली तेव्हा तो रोज माझ्यासमोर बसून वाजवायचा. "अप्पा, ऐका हां." त्या यंत्रातून गिटार म्हणजे काय आवाज यायचा, कोणी कानात टाचण्या ओताव्यात तसा! दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवसापासून त्याने बॅग उघडली की मी हळूच यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकायचो आणि मान डोलवायचो. संपलं की "वा, वा!" करायचो. सात महिने असंच. बाप म्हणून केलेली ही लबाडी आहे, दुसरं काही नाही.

त्याची आई बेबी, तो सहा वर्षांचा असताना गेली. पुढे मीच त्याला वाढवला. आमचं फारसं बोलणं व्हायचं नाही, मला ऐकू यायचं नाही आणि तो ओरडायला लाजायचा. सांगण्यासारखं माझ्याकडे गिरणी सोडून होतं काय? भर साचेखात्यात मी साच्यावर नुसता तळवा ठेवून सांगायचो की हा बिघडलाय. भले भले जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, मला विचारायला यायचे. ही एकच फुशारकी मी त्याला शंभरदा ऐकवली असेल. तो बिचारा दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं तोंड करायचा.

म्हणजे त्याने माझं ऐकलं आणि मी त्याचं ऐकलं नाही. म्हणून ते गाणं मला वाजवायचंय. आता स्पष्ट विचारतो आणि तुम्ही स्पष्ट सांगा. मी यंत्र काढून ठेवतो हे त्याला कळलं होतं का? तुमच्याकडे कधी काही बोलला?

पुढची कॉर्ड पाठवा.

अप्पा


प्रभादेवी,
२६ सप्टेंबर २०२४

अप्पा,

नाही. त्याला कळलं नव्हतं. माझ्याकडे एवढंच म्हणायचा की अप्पांना आवडतं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

जी, सी आणि डी एकदमच पाठवतोय, तिन्हींची चित्रं मागे आहेत. जी ला तिसरं बोट पार खालच्या तारेपर्यंत ताणायचं, सुरुवातीला पोचत नाही, पोचेल. सी ला सहावी तार सोडून द्यायची. डी ला फक्त खालच्या चार तारा छेडायच्या, वरच्या जाड दोन्हींना हात लावायचा नाही. डी चा आवाज त्यामुळे बारीक येतो. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना घाई नको. चार मोजा, मग बदला.

रोज पंधरा मिनिटं पुरेत. फोडांवर कोकम तेल लावा.

वीरेंद्र


चिंचपोकळी,
२१ ऑक्टोबर २०२४

वीरेंद्र सर,

चारही कॉर्ड्स येतात. पण ते सांगायला हे पत्र नाही.

सत्तरीच्या दिवशी मध्येच लाकूड उकललं तर काय करा, म्हणून गिटार घेऊन परळला गेलो. तिथे धम्मपाल म्हणून आहे, सतारी, गिटारी, पेट्या दुरुस्त करतो, त्याचे वडील आमच्या गिरणीत सुतार होते. त्याला म्हटलं, आतून मागच्या बाजूला केसाएवढी भेग आहे, बुजवून दे. त्याने तारा सैल केल्या, आत आरसा घातला, बॅटरी मारली, बोटाने ठोकून बघितलं. अर्धा तास माणूस तिच्यात डोकं घालून बसला होता. मग माझ्यासाठी कागदावर लिहून दिलं: "काका, भेग नाही. कधी नव्हती. लाकूड एकदम निरोगी आहे."

मी त्याच्याशी भांडलो. भर दुकानात. म्हटलं, मास्तरांनी स्वतः बघितलीय, तू मला शिकवतोस? त्याने आरसा माझ्या हातात दिला आणि खुणेने म्हणाला, तुम्हीच बघा.

बघितलं मी. नाही भेग.

घरी आलो आणि तुमची दोन्ही पत्रं पुन्हा काढली. सव्वीस वर्षं हजेरीपटावर लोकांच्या खोट्या सह्या ओळखल्या आहेत मी. "नाही. त्याला कळलं नव्हतं." एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढंसं उत्तर, आणि लगेच कोकम तेल! आणि ते मार्क तुम्ही दिलेत म्हणता, मग अक्षर त्याचं कसं? तुमच्या हाताखाली सात महिने शिकून डी कमी आणि ई मायनर जास्त? सुनेत्राची सहावीतली पोरगी माझी गिटार घेऊन बसली, तिला डी पहिल्या दिवशी आली.

मला दया नको, सर. दया दाखवायला चाळीत चाळीस बिऱ्हाडं आहेत. भेग नव्हती, तर माझा हात त्याने तिथे कशाला ठेवला? तुम्हाला माहीत आहे. लिहा. नाहीतर पुन्हा लिहू नका.

गंगाधर केळुसकर


प्रभादेवी,
२७ ऑक्टोबर २०२४

अप्पा,

सगळं लिहितो. वाचून तुम्ही मला शिव्या द्याल, त्या मला लागू आहेत.

त्याला कळलं होतं. पहिल्या महिन्यातच. मला म्हणाला, "सर, मी गिटार काढली की अप्पा यंत्र खिशात टाकतात आणि मान डोलवतात. तीही भलत्याच ठेक्यात." सांगताना हसत होता. आधी रागावला होता का? हो. दोन क्लास बुडवले होते त्याने.

मग एका शुक्रवारी तो चपला काढून जमिनीवर बसला होता आणि खाली चक्की सुरू झाली. मी वैतागून थांबलो. तो मात्र जमिनीवर हात ठेवून बसून राहिला. म्हणाला, "सर, हे माझ्या बापाला ऐकू येईल." आणि तुमच्या साच्याची गोष्ट मला सांगितली, तळव्याने ओळखायचात ती.

त्या दिवसापासून तो गाणी शिकलाच नाही, अप्पा. गाणं कुठलंच नव्हतं. मी वाजवायचो आणि तो गिटारच्या लाकडावर तळवा ठेवून, कानांत कापूस घालून बसायचा. कुठली कॉर्ड हाताला किती लागते ते लिहायचा. ई मायनर जास्त, कारण सहाही तारा वाजतात. डी कमी, कारण जाड तारा सोडाव्या लागतात. तो कागद म्हणजे तेच. मार्क नाहीत.

ठेकाही त्याने ठरवला होता. टेबलावर वाजवून दाखवला मला, दोन जड आणि एक हलका, दोन जड आणि एक हलका. म्हणाला, "साचा असा चालतो. आई गेल्यावर अप्पा मला झोपवताना पाठीवर हेच थोपटायचे, त्यांना स्वतःला माहीतही नसेल." सत्तरीला तुमचा हात लाकडावर ठेवून तो हे वाजवणार होता. त्याआधी एकदा घरी करून बघ, असं मीच सुचवलं. तो रविवार तो.

मंगळवारी, म्हणजे त्याच बारा तारखेला, आला. म्हणाला, "जमलं नाही, सर. अप्पांनी हात काढून घेतला. भेग आहे म्हणाले." हसायला गेला आणि त्याला हसू येईना. त्या वेळी मी काय बोललो ते ऐका. माझे पुढचे विद्यार्थी येऊन थांबले होते, मी घाईत होतो. म्हटलं, "जाऊ दे रे. म्हाताऱ्या माणसांच्या नादी किती लागशील? एखादं सरळ गाणं शिक, मित्रांना ऐकव." तो म्हणाला, "आज मूड नाही, सर, निघतो." क्लास आठला सुटतो. तो साडेसातला निघाला.

तुमचं पहिलं पत्र वाचलं तेव्हाच कळलं की भेग कुठली. खरं सांगायची हिंमत झाली नाही. तुम्हाला त्रास नको म्हणून नाही झाली असं मी स्वतःला सांगत होतो, पण साडेसातचं मला कोणालाच सांगायचं नव्हतं.

तो पुन्हा प्रयत्न करणार होता का, मला माहीत नाही. कागद फाडला नव्हता एवढं खरं. त्याहून जास्त काही लिहिलं तर ते खोटं होईल.

वीरेंद्र


प्रभादेवी,
९ नोव्हेंबर २०२४

अप्पा,

उत्तर नाही आलं. अपेक्षाही नव्हती. फक्त एकदा "पत्र मिळालं" एवढं कोणाकडून तरी कळवा. सुनेत्राताईंना माझा नंबर खाली देतोय.

वीरेंद्र


चिंचपोकळी,
१७ नोव्हेंबर २०२४

वीरेंद्र सर,

पत्र मिळालं. तीन उत्तरं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुम्हाला शिव्या होत्या. दुसऱ्यात मला. तिसऱ्यात टेम्पोवाल्याला, तो तर कुठल्या कुठे आहे.

दोन आठवडे मी घरातल्या घरात फिरत होतो. सुनेत्रा डबा ठेवून जायची आणि भरलेला परत न्यायची. जन्मभर मी एकच फुशारकी मारली, की मी हात ठेवून ओळखतो. पोराने ती ऐकली, खरी मानली, सात महिने कानात बोळे घालून माझ्यासाठी खपला, आणि अखेरीस माझा हात उचलून बरोबर जागेवर ठेवला. आणि मला काय दिसलं? भेग! चहा उतू चालला होता म्हणे. कितीसा सांडला असता चहा? अर्धा कप? तो रविवार मला काही केल्या परत मिळत नाही. जीव तळमळतो, सर. छातीशी उशी धरून बसतो आणि ओरडतो, माझं ओरडणं मला ऐकू येत नाही म्हणून किती मोठ्याने ते कळत नाही. चाळ धावत येते.

तुम्हाला माफ केलं असं लिहीत नाही. मला स्वतःला करता आलेलं नाही, तर तुम्हाला कुठून करू? पण तुम्ही त्याला "जाऊ दे" म्हणालात आणि मी हात काढला. एवढं करणारी माणसं जगात दोनच, ती एकमेकांना टाळून जाणार कुठे?

काल गिटार मांडीवर घेतली. ई मायनर धरली आणि दोन जड, एक हलका असं वाजवायला गेलो. डावा हात कॉर्ड धरण्यात अडकला, उजवा तारांवर. लाकडावर ठेवायला हातच उरला नाही. हनुवटी टेकवून बघितली, थोडं लागतं. पण त्याने हनुवटी नव्हती धरली, हात धरला होता. तीन महिने फोड आणून शिकलो आणि शेवटी कळलं की हे माझं वाजवायचं नाहीच, माझं काम नुसतं बसून राहायचं होतं.

तेव्हा गुरुवारी एकवीसला तुम्ही या. या वेळी पुलावरून मागे फिरू नका. तो ठेका जगात आता तुम्हालाच ठाऊक आहे, मी थोपटायचो म्हणे, पण मला खरंच आठवत नाही. सकाळी दहाला बसू. हार, पेढे काही आणू नका, बोलायचंही काही नाही. तुम्ही वाजवा, मी हात ठेवीन. तुमचं वाजवून संपेपर्यंत काढणार नाही.

चहा आधीच करून, गाळून ठेवतो. दुसरा मजला, जिन्यावरून डावीकडची तिसरी खोली. दार ठोठावू नका, मला कळणार नाही. उघडंच असेल, सरळ आत या.

अप्पा